आयईटीएफची ऑनलाइन मीटिंग: सर्व्हिस झकास, पण फीबद्दल बोलायलाच हवं

महापेला नेटवर्किंगचं काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना आयईटीएफ म्हणजे इंटरनेटचे स्टँडर्ड ठरवणारी मंडळी एवढंच माहीत असतं, पण नोव्हेंबर २०२५ ची मॉन्ट्रियलची मीटिंग ऐरोलीत घरूनच अटेंड केली आणि खरं सांगतो, मजा आली. मीटएको नावाचं टूल आहे, ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करायची भानगड नाही. सगळ्यात आवडली ती प्रश्नांची रांग, तिथे हॉलमध्ये बसलेल्यालाही मोबाईलवरून त्याच रांगेत नाव लावावं लागतं, त्यामुळे माईकजवळचा साहेब पुढे आणि ऑनलाइनवाला ताटकळत असला प्रकार नाही. तिकडचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले रात्रीचे आठ, सो जागरण ठरलेलं.

आता पैशांचं. घरून जॉइन होणं आधी फुकटच असायचं. २०२० ला कोविडमुळे व्हँकुव्हरची मीटिंग ऑनलाइन झाली तीही फुकट, पण जुलैची १०८ वी मीटिंग, जी माद्रिदला व्हायची होती, तिला २३० डॉलर लावले, तेव्हाचे सतराएक हजार रुपये, खिशातून कोण भरणार एवढे? फी माफीची सोय होती म्हणा, तरी लोक भांडले, कारण हे ठरवलं कोणी? तर एलएलसीने, म्हणजे पैशांचा कारभार बघायला २०१८ ला काढलेली त्यांचीच कंपनी.

माझं मत सरळ आहे, फी किती ते एलएलसीने ठरवावं, खर्च तेच भागवतात ना, पण फुकट एंट्री ठेवायची की नाही हे स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनीच ठरवायचं. सोसायटीत हिशोब कमिटी बघते, पण उद्या गेटवर पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे म्हटलं तर जनरल बॉडी गप्प बसेल का? झालंही तसंच, डिसेंबर २०२३ च्या आरएफसी ९५०१ मध्ये (आरएफसी म्हणजे आयईटीएफचे नंबर दिलेले अधिकृत दस्तऐवज) आयईटीएफच्या मंडळींच्या सहमतीने लिहून टाकलंय की ऑनलाइन येणाऱ्याला फुकटचा पर्याय कायम हवाच, तो वेबसाइटवर ठळक दिसला पाहिजे आणि पैसे भरणाऱ्याला जे मिळतं तेच यालाही मिळालं पाहिजे. फीचा आकडा त्यात नाही, तो एलएलसीकडेच, आणि ते बरोबरच आहे.

कंपनी भरत असेल तर भरूनच जा हो, मीटिंगचा खर्च कुठून तरी निघायला हवा. फ्रेशर पोरांनी मात्र बिनधास्त फुकटचा पर्याय घ्या. रेकॉर्डिंग नंतर यूट्यूबवर येतं, पण काही विचारायचं असेल तर लाइव्हच यावं लागेल.