बॉल्डर्स गेट ३ मधील मल्टिक्लास: मोकळीक भरपूर, हिशेब खेळाडूकडे

लॅरियन स्टुडिओजचा ‘बॉल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये संगणकावर आला, तेव्हापासून त्याच्या कथेविषयी आणि पात्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या मते या खेळाचे तितकेच मोठे वैभव म्हणजे एकाच पात्रात दोन किंवा अधिक क्लास, म्हणजे योद्धा, मांत्रिक असे पेशे, एकत्र करण्याची त्यातली ‘मल्टिक्लास’ पद्धत. या पद्धतीइतकी उदार रचना मला दुसऱ्या कोणत्याही रोल-प्लेइंग खेळात आढळलेली नाही. मात्र आपण काय मिळवतो आणि काय गमावतो, हे खेळाडूला वेळेवर सांगण्यात ती कमी पडते.

खेळात बारा क्लास आहेत आणि पात्राची कमाल पातळी बाराच आहे. प्रत्येक वेळी पातळी वाढली की ती जुन्याच क्लासमध्ये घालायची की नव्या क्लासचा पहिला टप्पा घ्यायचा, हे आपण ठरवतो. हा खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या बैठ्या खेळाच्या ज्या पाचव्या आवृत्तीवर आधारलेला आहे, तिथे क्लास जोडण्यासाठी पात्राच्या ताकद, चपळाई अशा ठरावीक गुणांत किमान १३ अंक असावे लागतात. लॅरियनने ही अट काढूनच टाकली. शिवाय मुक्कामाच्या जागी येऊन राहणारा विदर्स अवघ्या १०० सुवर्णमुद्रांत आपले किंवा सोबत्याचे पात्र पहिल्या पातळीपासून नव्याने रचू देतो. या दोन निर्णयांनी मल्टिक्लासचे स्वरूपच बदलले आहे, कारण फसलेला प्रयोग इथे सहज मोडता येतो आणि म्हणून धाडसी प्रयोग करण्याची इच्छा टिकून राहते.

अशा प्रयोगांपैकी मला सर्वाधिक आवडलेली जोडी म्हणजे टेम्पेस्ट क्लेरिकच्या (वादळाची शक्ती वापरणारा पुरोहित) दोन पातळ्या आणि उरलेल्या दहा सॉर्सररच्या (जन्मजात जादू असलेला मांत्रिक). क्लेरिकचा ‘क्रिएट वॉटर’ मंत्र शत्रूला भिजवतो आणि भिजलेल्या शत्रूला विजेचा आघात दुप्पट लागतो. क्लेरिकच्या दुसऱ्या पातळीवर मिळणारी ‘डिस्ट्रक्टिव्ह रॅथ’ ही शक्ती वापरली की विजेच्या किंवा गडगडाटाच्या आघाताचे फासे टाकावेच लागत नाहीत, कमाल आकडा थेट मिळतो. त्यामुळे ‘लायटनिंग बोल्ट’चे आठ सहापैलू फासे ४८ देतात आणि भिजलेल्या शत्रूवर तेच ९६ होतात. सॉर्सररच्या ‘क्विकन्ड स्पेल’मुळे पाणी आणि वीज एकाच डावात साधता येते. दोन्ही क्लासचे गुण असे एकमेकांत मिसळतात, की ही जोडी कोणीतरी मुद्दाम विणली असावी असे वाटते.

या जोडीची किंमत मात्र खरी आहे. मंत्र टाकण्याचे स्लॉट (प्रत्येक मंत्रामागे खर्च होणारा साठा) दोन्ही क्लासच्या बेरजेवरून मिळतात, पण नवे मंत्र शिकायला त्या त्या क्लासचीच पातळी लागते. म्हणून क्लेरिक दोन आणि सॉर्सरर तीन अशा पाचव्या पातळीच्या पात्राकडे तिसऱ्या श्रेणीचा स्लॉट असतो, तरी त्यात टाकायला ‘लायटनिंग बोल्ट’ नसतो. तो एकूण सातव्या पातळीवर येतो. मधल्या दोन पातळ्यांच्या लढाया जड जातात, आणि तरीही ही किंमत मला न्याय्य वाटते, कारण ती मोजल्यावर हाती येणारे फळ तितकेच मोठे आहे.

शस्त्रधारी पात्रांचे गणित अधिक कठोर आहे. फायटर, पॅलाडिन, बार्बेरियन, रेंजर आणि मंक यांना आपापल्या क्लासच्या पाचव्या पातळीवर एका कृतीत दुसरा वार मिळतो, आणि असे दोन क्लास पाचपर्यंत नेले म्हणून सहसा तिसरा वार मिळत नाही. पाचव्या पातळीआधीच क्लास बदलणाऱ्याचे सोबती दोन वार करत असताना तो स्वतः एकावरच अडकून राहतो. पॅलाडिनच्या दोन पातळ्या घेऊन पुढे सॉर्सरर किंवा बार्डकडे वळणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा अपवाद आहे, कारण स्लॉट खर्चून वाराचा आघात वाढवणारा पॅलाडिनचा ‘डिव्हाइन स्माइट’ कोणत्याही क्लासमधून आलेले स्लॉट स्वीकारतो.

माझी खरी तक्रार पातळी वाढवण्याच्या पडद्याविषयी आहे. विशेष कौशल्य देणारे ‘फीट’ पात्राच्या एकूण पातळीवर नव्हे, तर प्रत्येक क्लासच्या चौथ्या, आठव्या आणि बाराव्या पातळीवर मिळतात (फायटर आणि रोग यांना एकेक अधिक), त्यामुळे पाच, पाच आणि दोन अशी वाटणी करणाऱ्याच्या वाट्याला तीनऐवजी दोनच येतात. पहिला क्लास कोणता घेतला यावरून बचावाच्या, म्हणजे मंत्र किंवा इतर संकट टाळण्यासाठी टाकायच्या, फाशांतील प्रावीण्य ठरते आणि नंतर जोडलेला क्लास ते देत नाही. वर सांगितलेल्या जोडीत सुरुवात सॉर्सररने करावी ती याच कारणाने, कारण त्याच्या कॉन्स्टिट्यूशनच्या (काटकपणाच्या) प्रावीण्यामुळे मार बसला तरी मंत्रावरची एकाग्रता सहसा टिकते. असे निर्णायक तपशील क्लास निवडतानाच, ठळकपणे, समोर मांडले जायला हवे होते.

‘एक्सप्लोरर’ या सर्वांत सोप्या स्तरावर मल्टिक्लास बंद ठेवला आहे, तो निर्णय मला पटत नाही. निवांत खेळणाऱ्यालाही रचनेचा आनंद हवा असतो. उलट ‘ऑनर’ या सर्वांत कठीण स्तरावर वॉरलॉकच्या ‘पॅक्ट ऑफ द ब्लेड’मधून मिळणारा जादा वार इतर क्लासच्या वारात मिळवता येत नाही, हे बंधन योग्यच आहे, कारण त्याविना पॅलाडिन-वॉरलॉक ही एकच जोडी बाकीच्यांना झाकून टाकत असे. एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचने प्रत्येक क्लासला एकेक नवा उपक्लास दिला आहे. त्यामुळे खेळ आधी पूर्ण केलेल्यांनीही विदर्सकडे पुन्हा जावे, आणि नवख्यांनी पहिल्या पाच पातळ्या एकाच क्लासमध्ये घालूनच दुसऱ्याकडे वळावे, अशी माझी शिफारस आहे.