लिटल अंदमान: सहा रात्रींसाठी घेतलेली झोपडी, आठ रात्री राहिलो

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण दुकान बंद ठेवून दोघांनी मिळून दहा-बारा दिवस कुठे जाणं एकदाही घडलं नव्हतं. या फेब्रुवारीत लिटल अंदमान बेटावर जाऊन घडवलं. पाठीवर एकेक सॅक, चाकांची बॅग नाही, हे आधीच ठरलं होतं. ते बरंच झालं, कारण रस्त्यापासून झोपडीपर्यंतची वाट वाळूची आणि माडांच्या मुळांची आहे.

लिटल अंदमान पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, दक्षिणेला साधारण १२० किलोमीटरवर. हेलिकॉप्टर आहे, पण त्यातल्या मोजक्या जागा आजारी माणसांना राहू द्याव्यात असं मला मनापासून वाटतं. आम्ही बोटीने गेलो. तिकिटाच्या रांगेत अडीच तास, बोटीत आठ तास. बंक घ्या, पाठ सरळ राहते. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. माझ्या नवऱ्याने ऐकलं नाही आणि पहिले चार तास तो आडवा होता.

बोट लागते त्या हट बेच्या जेट्टीवरून सगळं अंतर किलोमीटरने सांगतात. गावाचं नाव कोणी घेत नाही. नेताजीनगर म्हणजे ‘ग्यारह किलोमीटर’. आमची झोपडी तिथेच, समुद्र आणि रस्ता यांच्या मधल्या आगरात. तीन झोपड्या, एका बंगाली कुटुंबाच्या. बांबूच्या भिंती, वर झापांचं छप्पर, आत लाकडी पलंग, एक दिवा, एक पंखा. संडास-न्हाणी बाहेर, तिन्ही झोपड्यांना मिळून एकच, पण रोज सकाळी घासलेली. अंघोळ विहिरीच्या पाण्याने, बादली भरून. रात्रीचे ८०० रुपये, जेवणाचे वेगळे.

आधी कमी-जास्त सांगते. मच्छरदाणीला तीन भोकं होती, मी सुई-दोरा मागून शिवली. चौथ्या रात्री पाऊस आला तेव्हा छप्पर नेमकं आमच्या सॅकवर गळलं. वीज दिवसातून दोनदा तरी जायची. या तीन गोष्टींसाठी मी एक तारा कापते, पाचपैकी चार देते. त्यांनी मच्छरदाणी बदलली तर पाच.

वाळूतल्या बारीक माश्या, ज्यांना तिथे सँडफ्लाय म्हणतात, त्यांचा दोष झोपडीवाल्यांचा नाही. पण त्यांची तयारी करूनच जा. चावतात तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी पायावर फोड उठतात आणि रात्रभर खाज सुटते. संध्याकाळी वाळूवर उघड्या पायांनी बसू नका. बसायचंच असेल तर पायांना खोबरेल तेलाचा जाड हात द्या. खाजवू नका, नखांनी जखम चिघळते. कॅलामाइन आणि सेट्रिझिन सोबत ठेवा. आमच्याकडची अर्धी बाटली मी शेजारच्या झोपडीतल्या मुलीला दिली, तिचे घोटे सुजले होते.

आता या जागेचं खरं मोल. मालकीण तिशीची, मी तिला दीदी म्हणायचे आणि ती मला दीदी. पहिल्याच संध्याकाळी तिने चहा दिला आणि काय काय करायचं नाही ते सांगितलं. खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं नाही, तिथे मगरीचा फलक आहे. अंधार पडल्यावर तिकडे फिरकायचंही नाही. मगरी आम्हाला नव्या नाहीत, आमच्या वाशिष्ठीत त्या उन्हाला पडलेल्या दिसतात. पण ही खाऱ्या पाण्यातली मगर वेगळी, अंगाने मोठी आणि समुद्रातही पोहणारी. दीदी म्हणाली, ‘पानी शांत दिखेगा, तब भी नहीं.’ आम्ही चौदा किलोमीटरवरच्या बटलर बेला पोहलो, तेसुद्धा गावातली माणसं पाण्यात असतील तिथेच.

दुसरा नकार आमच्यासमोर एका पाहुण्याला मिळाला. त्याला डुगाँग क्रीकला, बेटावरच्या मूळ आदिवासींच्या, ओंगी लोकांच्या वस्तीकडे जायचं होतं, कितीही पैसे द्यायची तयारी होती. दीदीचा नवरा मासेमारी करतो, त्याची स्वतःची होडी आहे. तो जागचा हलला नाही. ओंगी आता उरलेत शंभर-दीडशे, त्यांचा भाग १९५६ च्या कायद्याने राखीव आहे, आणि बाहेरून नेलेला साधा ताप-खोकलाही त्यांना महागात पडू शकतो. औषधांच्या दुकानात वीस वर्षं उभी राहिलेली बाई म्हणून सांगते, तो होडीवाला बरोबर होता. मीही विचारलं होतं, वेस्ट बेची लेदरबॅक कासवं बघता येतील का? वेळासला आम्ही ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली आहेत, त्यामुळे ओढ होती. तो म्हणाला, वनखात्याची परवानगी आणा, मग बोलू. परवानगीशिवाय चोरून नेऊन दोन पैसे जास्त कमावणं त्याला सहज जमलं असतं.

दिवस इथे लवकर संपतो. साडेपाचला सूर्य मावळतो, सहाला गडद काळोख. म्हणून आम्ही पहाटे पाचला उठायचो. आयुष्यभर समुद्रात बुडणारा सूर्य पाहिला आहे, हा पूर्व किनारा, इथे तो पाण्यातून वर येतो. पहिल्या दिवशी आम्ही दोघं काही न बोलता बघत राहिलो. नवऱ्याने माझा हात धरला होता. दुकानात दिवसभर एकमेकांच्या शेजारी उभे असतो, पण असं गप्प बसणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

जेवण साधं आणि भरपूर. भात, मसूर डाळ, तळलेली किंवा मोहरीच्या वाटणातली सुरमई, कच्च्या पपईची भाजी. मोहरीच्या तेलाची सवय व्हायला दोन दिवस गेले. बंगालीत समोशाला शिंगाडा म्हणतात, म्हणून बाजारात शिंगाडा मागितला तर समोसा मिळतो, आणि तो फार छान असतो. साडेसहा किलोमीटरवरचा व्हाइट सर्फ धबधबा स्कूटीवरून पाहिला. बरा आहे, त्यासाठी अर्धा दिवस पुरे.

पाचव्या रात्री वीज गेली होती. दीदीने सुनामीचं सांगितलं. २६ डिसेंबर २००४, रविवारची सकाळ. ती दहा वर्षांची. आधी जमीन हलली, मग वडिलांनी तिला आणि धाकट्या भावाला ओढत जंगलातल्या उंचावर नेलं. वडील सत्तरच्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्यांपैकी, एकदा सगळं सोडून आलेले. त्या दिवशी घर पुन्हा गेलं. मी तिला आमचा २२ जुलै २०२१ सांगितला. दुकानात छतापर्यंत पाणी, इन्शुलिनचा फ्रीज उलटा तरंगणारा, आणि मग चिखल, महिनाभर चिखल. तिने विचारलं, ‘वास किती दिवस राहिला?’ आजवर मला पुराबद्दल हे कोणी विचारलं नव्हतं. चार महिने, म्हटलं. ती म्हणाली, आमच्याकडेही.

सातव्या सकाळी निघायचं होतं. वारा सुटला, बोट रद्द झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. इथे येणाऱ्याने परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवलेच पाहिजेत, आम्ही ठेवले होते म्हणून निभावलं. शेजारच्या झोपडीतल्या जोडप्याचं विमान चुकलं. त्या दोन जास्तीच्या रात्रींचं भाडं दीदीने घेतलं नाही, फक्त जेवणाचे घेतले. मी आग्रह केला तर म्हणाली, बोट तुम्ही थोडीच थांबवलीत. शेवटी तिच्या मुलाच्या वह्यांसाठी म्हणून पैसे ठेवले, तेव्हा घेतले.

आधार कार्ड जवळ ठेवा. किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ उचलू नका, विमानतळावर सामान तपासतात, आणि तसंही ते तिथलंच आहे. रोख रक्कम पुरेशी न्या. फोनला रेंज येते, पण भरवसा धरू नका.

घरी आल्यावर मी दीदीला पोस्टाने दोन किलो आमसुलं आणि एक नवी दुहेरी मच्छरदाणी पाठवली, वेगवेगळ्या पार्सलांत. आमसुलं एकोणिसाव्या दिवशी पोचली. तिचा फोन आला, माशाच्या आमटीत किती घालायची ते विचारायला. मच्छरदाणी अजून वाटेत आहे.