डबे पोचवायला गुगल मॅप्स की रूट प्लॅनर?

पुण्यात घरगुती डब्यांचा धंदा असेल आणि रोज सात-आठच डबे जात असतील तर गुगल मॅप्स पुरे, फुकट आहे आणि डिलिव्हरीच्या पोराला आधीच येतं. पण त्यात थांबे दहाच्या आसपास संपतात आणि मुख्य म्हणजे क्रम आपणच लावायचा, आता 10 पत्त्यांचे क्रम होतात 36,28,800, त्यात पेठांमधले वनवे, कोण डोक्यात बसवणार सांगा! रूट प्लॅनर, म्हणजे डिलिव्हरीचा रस्ता आखून देणारं वेगळं ॲप, क्रम स्वतः लावतो, दुपारी एकच्या आत डबा हवा असलेलं ऑफिस आधी घेतो. पैसे जातात, खरंय, पण 20 च्या वर डबे गेले की मी तरी तोच घेईन, पेट्रोल वाचतं आणि भाजी गरम पोचते. फक्त पत्ता 'मारुतीच्या देवळामागे' असला तर दोन्ही चुकतात, लोकेशन ग्राहकाकडूनच व्हॉट्सॲपवर मागवा.