पूरबोट घेताना: सपाट तळाची, व्ही तळाची की रबरी?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ साली ते ५७ फुटांवर गेलं. तेव्हापासून कृष्णाकाठच्या गावात बोट हवी की नको यावर वाद उरलेला नाही. कोणती घ्यायची यावर आहे. ग्रामपंचायतीत दरपत्रकं उघडली की पहिला प्रश्न इंजिन किती हॉर्सपॉवरचं, दुसरा माणसं किती बसतात. दोन्ही प्रश्न मागाहून विचारा. आधी, बोट उलटते कशामुळे ते पाहू.

बोट कलली की तिचा पाण्यातला भाग बदलतो. पाण्याचा वर उचलणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो आणि तिला सरळ करू पाहतो. त्या जोराची उभी रेषा बोटीच्या मधल्या रेषेला जिथे छेदते, तो मेटासेंटर. माणसांसकट सगळ्या वजनाचा गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तोवर बोट सावरते. मेटासेंटर वर न्यायचा सोपा मार्ग म्हणजे रुंदी. पाण्यात तेवढीच खोल बसणारी बोट दीडऐवजी १.८ मीटर रुंद केली, तर रुंदीमुळे मेटासेंटरला मिळणारी उंची ४४ टक्क्यांनी वाढते. म्हणून सपाट, पसरट बोट काठाला उभी असताना मोठी भरवशाची वाटते. गुरुत्वमध्य मात्र आत बसणाऱ्यांच्या हातात असतो.

एक साधा हिशोब करून बघा. ५ मीटर लांब, दीड मीटर रुंद, अर्धा मीटर खोल अशी सपाट तळाची बोट, वजन २०० किलो. आत ६५ किलोची १० माणसं तळावर मांडी घालून बसली आहेत. सगळीच्या सगळी अर्धा मीटर एका बाजूला सरकली तरी काठ जेमतेम पाण्याबाहेर राहतो. तीच १० माणसं उभी असतील तर वीतभर सरकणं पुरे, बोट पालथी. आता १६ माणसं घाला. उभी असतील तर अर्धी वीतही खूप झाली. आणि हा हिशोब संथ पाण्यातला, चौकोनी पेटीसारख्या बोटीचा आहे. खरी बोट नाकाशी निमुळती असते, पुराला ओढ असते, माणसं घाबरून एकदम उठतात. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्राह्मणाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, माणसं गेली. त्यानंतर तरी ‘दाटीवाटीनं वीस बसतील’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावावं.

सपाट तळाच्या फायबर बोटीची खरी खोट वेगळीच आहे: आत शिरलेलं पाणी. वरच्या मापाच्या बोटीत नुसतं ५ सेंटिमीटर पाणी साचलं तर ते ३७५ लिटर भरतं, म्हणजे जवळजवळ सहा माणसांचं वजन. त्याहून वाईट म्हणजे बोट जिकडे कलते तिकडेच ते धावतं. रुंदीनं जी स्थिरता दिली, तीच तळभर पसरलेलं पाणी जवळजवळ सगळी काढून घेतं. म्हणून फायबरची घ्यायची तर दोन्ही कडांना लांबभर फोम भरलेल्या बंद पेट्या असलेलीच घ्या. मोकळा तळ दीड मीटरवरून एका मीटरवर आला की पाण्याच्या धावण्यानं होणारं नुकसान तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतं, आणि बोट पाण्यानं भरली तरी बुडत नाही. लोकांना मात्र तळावरच बसवायचं, त्या पेट्यांवर नाही.

व्ही तळाची बोट लाटा कापते, आत आलेलं पाणी मधल्या अरुंद खोलगटात गोळा होतं, हे तिचं चांगलं. कोयनेच्या शिवसागरात, तापोळ्याकडे वारा सुटला की तिचं मोल कळतं. पण ती पाण्यात खोल बसते आणि पाय ठेवल्याबरोबर कलते. गल्लीतल्या गुडघाभर पाण्यात, म्हाताऱ्या माणसांना पायरीवरून उचलून घ्यायचं असताना ती गैरसोयीची. आपल्या कामाला ती नको.

रबरी बोटीला तरंगवणारी हवा दोन्ही कडांच्या नळ्यांत असते, म्हणून ती सहजी कलत नाही. पाण्यानं भरली तरी तरंगते. एक कप्पा फुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. एनडीआरएफचे जवान ती वापरतात ते उगाच नाही. शिवाय घडी करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकता येते. पण आपल्या शिवारात पाण्याखाली काय असतं ते आठवा: द्राक्षबागांचे अँगल आणि तारा, बाभळीच्या फांद्या, तुटके पत्रे. वर्षाचे अकरा महिने ती ग्रामपंचायतीच्या कुठल्या खोलीत पडून राहणार, आणि त्या खोलीत उंदीर किती, हाही प्रश्न आहेच. दर पावसाळ्याआधी हवा भरून एक दिवस ठेवणारी, ठिगळ लावता येणारी पोरं गावात असतील, तर रबरी घ्या. नसतील तर नको.

गुळाची काहीलही पुरात पाण्यात उतरते, तिचंही सांगायला हवं. गोल आणि पसरट असल्यानं ती सुरुवातीला घट्ट वाटते, पण काठ बुटका, आतून पूर्ण मोकळी, आणि ओढीत गरगर फिरते. ओढ नसलेल्या पाण्यातून धान्याची पोती हलवायला ठीक.

एकच बोट घेणं परवडत असेल तर माझं मत फोमपेट्यांच्या रुंद, सपाट फायबर बोटीला. ठरावात माणसांचा आकडा विक्रेत्याच्या पत्रकावरून लिहू नका, चाचणीवरून लिहा. कमरेएवढ्या संथ पाण्यात, दोराला बांधलेल्या बोटीत लाईफ जॅकेट घातलेली माणसं एकेक करून एकाच कडेला सरकवत न्या. काठ पाण्यापासून वीतभर उरला की थांबा, तेवढी माणसं मोजा आणि तोच आकडा तेलरंगानं बोटीच्या दोन्ही बाजूंना लिहून टाका, नावाडी त्यातच धरून. वीस हजार स्वस्त देतो पण चाचणी नको म्हणणारा कुणी भेटला, तर त्याचं दरपत्रक बाजूला ठेवा.