पोर्टेजचे प्री-मर्ज चेक : कंपाइल सुरू व्हायच्या आधीच स्पष्ट "नाही" सांगणारं टूल

जेंटू या लिनक्स डिस्ट्रोच्या पोर्टेजबद्दल (सोर्सवरून पॅकेजेस बिल्ड करून टाकणारा पॅकेज मॅनेजर) कुणीही बोलायला लागलं की गाडी यूज फ्लॅग (पॅकेजमधली फीचर्स चालू-बंद करायचे स्विच) आणि कंपाइल टाइमवरच जाते, पण मला त्यात सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे सिस्टिमची तपासणी ते नेमकं कधी करतं हे, म्हणून फक्त त्यावरच लिहितोय.

क्रोमियम किंवा लिब्रेऑफिस सोर्सवरून बिल्ड करायला घेतलं की तासन् तास जातात आणि अर्ध्यावर डिस्क भरली की सगळी मेहनत पाण्यात. पोर्टेज काय करतं, टाकायच्या पॅकेजेसची यादी ठरली की पहिलं पॅकेज कंपाइल करायच्या आधीच ज्या ज्या पॅकेजच्या ईबिल्डमधे (पॅकेज कसं बिल्ड करायचं ते सांगणारी स्क्रिप्ट) पीकेजी-प्रिटेंड हे तपासणीचं फंक्शन लिहिलंय ते सगळे चालवून घेतं. स्क्रीनवर "रनिंग प्री-मर्ज चेक्स फॉर" अशी ओळ येते (मर्ज म्हणजे पॅकेज सिस्टिममधे टाकणं), रॅम किती, बिल्डला जागा किती ते बघितलं जातं, आणि पुरत नसेल तर तिथेच सांगून टाकतं. क्रोमियम यादीत अगदी शेवटी असलं तरी नकार सुरुवातीलाच मिळतो! ही सोय ईएपीआय (ईबिल्ड लिहिण्याच्या नियमांची आवृत्ती) ४ पासूनची, म्हणजे २०११ पासूनची.

मग पुढे परत पीकेजी-सेटअपमधे (प्रत्येक पॅकेजचं काम सुरू होताना चालणारं फंक्शन) तोच चेक कशाला, असं बरेच जण विचारतात. कारण प्रिटेंडच्या वेळी डिपेंडन्सी इन्स्टॉल झालेल्या असतीलच याची गॅरंटी नसते, आणि पहिल्या पॅकेजपासून दहाव्यापर्यंत जाईतो सिस्टिम बदललेली असते, मधल्या पॅकेजेसनी जागा खाल्लेली असते. म्हणून चेक-रेक्स ईक्लास (रॅम आणि जागा तपासणारा, अनेक ईबिल्डना वापरता येणारा सामायिक कोड) दोन्हीकडे तपासतो, लवकर एकदा आणि प्रत्यक्ष काम सुरू होताना एकदा, आणि माझ्या मते हीच बरोबर पद्धत आहे, एकावर भागवणारी टूल्स कुठेतरी गंडतातच.

अजून एक बारकावा फार आवडला. तयार बायनरी पॅकेज टाकत असाल तर कंपाइलला लागणारी रॅम आणि तात्पुरती जागा हा ईक्लास बघतच नाही, यूएसआर आणि व्हार या फोल्डरमधे इन्स्टॉलपुरती जागा आहे का एवढंच बघतो. पॅकेज सोर्सवरून येतंय की बायनरी, हे मर्ज-टाइप नावाच्या व्हेरिएबलवरून कळतं. स्वतः ईबिल्ड लिहिणाऱ्यांनी ही अट विसरू नका, नाहीतर कमी रॅमच्या मशीनवर बायनरीसुद्धा विनाकारण अडकते.

कर्नलमधे हवे ते ऑप्शन चालू आहेत का हे बघणाऱ्या चेकबद्दल मात्र जरा जपून. बिल्ड एका मशीनवर आणि वापर दुसऱ्यावर असेल तर इथलं कर्नल कॉन्फिग बघून तिथलं काय कळणार? त्यासाठी कॉन्फिग-चेक या व्हेरिएबलमधे (हवे ते कर्नल ऑप्शन यात लिहितात) ऑप्शनच्या आधी टिल्ड (~) लावायची सोय आहे, मग नुसती वॉर्निंग येते आणि काम थांबत नाही. कर्नल मॉड्यूल बिल्ड होत असेल तर कडक अडवणं ठीक, बाकी सगळीकडे टिल्डच हवी असं माझं ठाम मत.

एक स्टार कापतोय तो पॅरलल जॉब्ससाठी, म्हणजे एकाच वेळी अनेक पॅकेजेस बिल्ड करण्यासाठी. दोन मोठी पॅकेजेस एकदम सुरू झाली तर प्रत्येकाचा चेक आपापल्यापुरता डिस्क बघतो आणि दोघांनाही जागा पुरेशी वाटते, बेरीज कुणीच करत नाही. तेव्हा क्रोमियमसारखं काही यादीत असेल तर जॉब्स १ वर ठेवा.

रेटिंग ५ पैकी ४.