कृष्णाकाठच्या गोदामाला विनाकिल्ली दारं: हळदीचा हंगाम आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

नदीकाठच्या व्यापारी इमारतीला कार्डाची किंवा अंगठ्याची दारं बसवायची असतील तर ॲपबिप नंतर बघा. विकायला आलेल्याला आधी एवढंच विचारा, वीज गेली की दार उघडं राहतं का बंद? सांगलीत हा प्रश्न पहिला यायला पाहिजे, कारण आमच्याकडं पाणी आत शिरायच्या आधी वीज जाते.

आमची इमारत टिळक चौकातून नदीकडं उतरताना लागते. खाली दुकानगाळे, मधल्या मजल्यावर अडत्यांची आणि सीएची ऑफिसं, सगळ्यात वर हळद-बेदाण्याची गोदामं. पोती पाठीवर घेऊन जिने चढायला कुणाला हौस नाही, पण २००५ ला हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत, पाणी शिरलं आणि जमिनीखालची हळद गेली, ते इथं कुणी विसरलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ आहे, म्हणजे काय झालं असेल बघा. २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच ताप. त्यानंतर माल वर गेला तो वरच राहिला.

माल वर गेला तशा किल्ल्या वाढल्या. भाडेकरू, त्यांचे दिवाणजी, हमालांचा मुकादम, रात्रीचा वॉचमन, सगळ्यांकडं एकेक जुडगा. गाळा सोडून गेलेल्याची किल्ली परत येते, तिची नक्कल येत नाही. दर वेळी कुलपं बदलून कंटाळा आला, म्हणून हा उद्योग केला.

बसवायला आलेल्या एजन्सीनं सगळ्या दारांना सरसकट मॅग्नेटिक लॉक सुचवले. ६०० पौंडांचा मॅग्नेट, म्हणजे साधारण पावणेतीनशे किलोची ओढ, माणसानं कितीही हिसडा दिला तरी दार हलत नाही. पण ही ओढ विजेवर आहे. वीज गेली, मागची बॅटरी उतरली, की लहान पोरानं ढकललं तरी दार उघडतं. तो दोष नव्हे, तसंच बनवलेलं असतं. आग लागली तर आतला माणूस अडकू नये म्हणून. मुंबई-पुण्याच्या ऑफिसात ते बरोबरच आहे. आमच्याकडं पूर येतो तेव्हा वीज बंद, माणसं घराबाहेर, रस्त्यावर होडी, आणि वरच्या मजल्यावर हंगामाचा माल. अशा वेळी सगळी इमारत आपोआप मोकळी करून देणारं कुलूप काय कामाचं? आमच्या जुन्या वायरमननं हे एका वाक्यात सांगितलं: "मालक, ह्यो मॅग्नेट पुरात चोराला या म्हणतोय."

मग वाटणी केली. खालचं फाटक आणि ऑफिसांचा जिना इथं मॅग्नेट ठेवला. गोदामांच्या दारांना विजेवर चालणारे मॉर्टिस, म्हणजे दाराच्या फळीत बसणारे, लॉक घेतले. यात वीज नसली तरी बाहेरून दार बंदच राहतं आणि आतून मूठ फिरवली की कधीही उघडतं. आगीची काळजीही मिटते, मालाचीही. जास्त पैसे गेले आणि दाराच्या फळीत सुताराकडून खाच काढून घ्यावी लागली. बाहेरच्या बाजूला साध्या किल्लीचं तोंड आहेच. म्हणजे विनाकिल्ली म्हणून घेतलेल्या दाराची एक किल्ली माझ्या घरच्या कपाटात आहे, आणि ती तिथंच असावी असं माझं स्पष्ट मत.

याची परीक्षा पावसाळ्यात झाली. कोयनेतून विसर्ग वाढला, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरकडची माणसं सामान हलवायला लागली, आणि खबरदारी म्हणून आमच्या बाजूची वीज बंद झाली. पाणी आमच्या पायरीपर्यंत आलं नाही. पण वीज रात्रभर नव्हती आणि दुसऱ्या दिवशीही नव्हती. एक मॅग्नेट अर्धा अँपिअर ओढतो. कंट्रोलर (कुणाला दार उघडायचं ते ठरवणारा बोर्ड) आणि रीडर (कार्ड वाचणारं यंत्र) धरून ७ एएचच्या, म्हणजे ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर कागदावर दहा तास निघतात. फाटकाच्या मॅग्नेटनं पहाटेच्या आधीच हात टेकले. वॉचमननं साखळी आणि जुनं पितळी कुलूप लावलं. वरची गोदामं जशीच्या तशी बंद होती. एवढ्या एका रात्रीसाठी मॉर्टिसचे जादा पैसे मला वसूल वाटले.

आता अंगठा. हळदीच्या बाजारात थंब मशीन चालत नाही, हे मी कुणालाही लिहून देईन. पोती उचलून हमालांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यावर पॉलिश केलेल्या हळकुंडाची पूड. काचेवर पिवळा थर बसतो, पुसला की ओला होतो, ओला झाला की आणखी वाचत नाही. फेब्रुवारीपासून हंगाम तापला तसं दारापुढं रांग लागायला लागली. आमचा मुकादम मशीनला अंगठा दाखवून म्हणायचा, "ह्याला माझा अंगठा आवडंना." ऑफिसवाल्यांचं मात्र पहिल्या फटक्यात उघडायचं, त्यामुळं त्यांना तक्रार कळायचीच नाही. शेवटी गोदामांचं थंब बंद केलं आणि हमालांना गळ्यात घालायची कार्डं दिली. चेहरा ओळखणारं मशीन एका भाडेकरूनं हौसेनं लावलंय. तोंडाला फडकं बांधलेल्या माणसाला ते ओळखत नाही, आणि धुरळ्यात फडकं सोडा म्हणणं बरं दिसत नाही.

कार्डात दोन जाती आहेत आणि इथं पैसे वाचवू नयेत. १२५ किलोहर्ट्झचं स्वस्त कार्ड मोबाईल रिपेअरच्या टपरीवरही नक्कल होऊन मिळतं. मग किल्लीत काय वाईट होतं? १३.५६ मेगाहर्ट्झचं, कूटबद्ध माहिती असलेलं कार्ड मागा. त्यातही मायफेअर क्लासिक या जुन्या जातीच्या कार्डाचं कवच २००८ मध्येच फुटलंय, त्यामुळं त्याच घराण्यातलं जास्त सुरक्षित डेसफायर म्हणून स्पष्ट लिहून घ्या. गाळा सोडणाऱ्याचं कार्ड त्याच संध्याकाळी बंद करता येतं. या एका सोयीसाठी मी सगळी यातायात पुन्हा करीन.

बसवताना एजन्सीशी एकाच गोष्टीवर वाजलं. त्यांना रीडरमध्येच रिले (दाराची वीज चालू-बंद करणारा स्विच) असलेलं सुटसुटीत यंत्र दाराबाहेर लावायचं होतं. ते भिंतीवरून उचकटून दोन तारा जोडल्या की दार उघडतं, कार्ड कशाला? कंट्रोलर आत आणि वरच्या मजल्यावर पाहिजे, बाहेर फक्त वाचणारा डोळा. नदीकाठी याला दुसरंही कारण आहे. "साहेब, आयपी ६७ आहे, वॉटरप्रूफ," असं ते सांगत होते. आयपी हे यंत्र धूळ-पाणी किती सोसतं त्याचं मानांकन. आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुराचं पाणी चार-चार दिवस उभं राहतं आणि ओसरताना गाळ ठेवून जातं, तिथं हे आकडे उपयोगाचे नाहीत. म्हणून फाटकाचा रीडर आम्ही बुडीत खात्यातला धरलाय, आणि बॅटरी, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कंट्रोलर सगळं जिन्याच्या वरच्या वळणावर लोखंडी पेटीत. वायर लांबली, तेवढी लांबू दे.

तक्रारी आहेतच. पावसाळी दमटपणानं जिन्याचं लाकडी दार फुगलं, मॅग्नेटची पट्टी नीट चिकटेना, आणि दार बंद दिसून बंद नसायचं. दार आपोआप ओढून लावणारा क्लोजर घट्ट करून आणि पट्टीखाली रबरी वॉशर टाकून ते सुधारलं. वीज बराच वेळ गेल्यावर कंट्रोलरचं घड्याळ एकदा २००० सालात गेलं होतं. आतला नाण्याएवढा सेल संपला होता, पण तोवर त्या दोन दिवसांची नोंद निरुपयोगी. ये-जा कुणाची कधी झाली यावरून मालाचा हिशेब लागतो, म्हणून हे छोटं प्रकरण नाही. एजन्सीचा माणूस फोनवर गोड बोलतो आणि पावसात येत नाही.

वर्षाच्या देखभालीच्या करारात त्यांनी बॅटरी धरलेली नाही. ती हजार-बाराशेला बाजारात मिळते आणि आमचा वायरमन बदलून देतो. कराराची सही तेवढ्यासाठी अडलीय. बॅटरी मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, भार लावून तपासून द्यायची, हे कलम त्यात आल्याशिवाय मी काही सही करत नाही.