किट कार बांधायची तर कोणती: सगळे भाग कोरे, की जुन्या एमएक्स-5 वरून?

ब्रिटनमध्ये सुट्या भागांच्या संचातून, म्हणजे किटमधून, घरच्या गॅरेजमध्ये स्वतः गाडी बांधून रीतसर रस्त्यावर आणता येते. तिथे राहणाऱ्या हौशी मराठी मंडळींपैकी कुणी हा बेत करत असेल, तर बहुतेकदा प्रश्न दोन रस्त्यांवर येऊन थांबतो. पहिला रस्ता कॅटरहॅम सेव्हनसारख्या संपूर्ण नव्या किटचा. त्यात इंजिनापासून नटापर्यंत सगळं खोक्यांतून कोरं येतं. दुसरा रस्ता एमईव्ही एक्सोसेटसारख्या, भाग पुरवणाऱ्या एका जुन्या म्हणजे डोनर गाडीवर बेतलेल्या किटचा. त्यात जुनी माझदा एमएक्स-5 विकत घेऊन तिचा सांगाडा (पत्र्याची मूळ बॉडी) टाकून द्यायचा आणि बाकी सगळं नव्या चासीवर चढवायचं. तिसराही एक मार्ग आहे, तो शेवटाकडे येईल.

बहुतेक जण किमतीपासून सुरुवात करतात. आमचा आग्रह आहे की नंबर प्लेट आणि परीक्षेपासून सुरुवात करा. इंजिन बसवणं अवघड वाटतं, पण गाड्या महिनोन्‌महिने अडकून पडतात त्या कागदांपायी आणि धारदार कडांपायी.

नंबर कोणता मिळणार

घरी बांधलेल्या गाडीला आधी आयव्हीए ही एकेका गाडीची मान्यता-परीक्षा पास करावी लागते. ती डीव्हीएसए ही वाहन-तपासणीची सरकारी संस्था घेते, त्यासाठी फी भरावी लागते. प्रमाणपत्र हातात आलं की डीव्हीएलए या वाहन-नोंदणी खात्याकडे अर्ज करायचा, त्याची फी 55 पौंड.

सगळे भाग नवे असतील तर चालू वर्षाचा नंबर मिळतो. फार तर एक भाग दुरुस्त करून नव्यासारखा केलेला चालतो, पण त्याचाही पुरावा लागतो. कॅटरहॅमच्या किटमध्ये ही बाजू स्वच्छ असते. पावत्या एकाच कंपनीच्या असतात आणि भाग नवे असल्याचं प्रमाणपत्रही तिचंच. अर्ज व्ही55/4 या फॉर्मवर करायचा.

एक्सोसेटसारख्या गाडीला डोनरच्या वयाचा नंबर मिळतो. त्यासाठी किट-उत्पादकाची नवी चासी हवी आणि त्याच एका डोनर गाडीचे निदान दोन मुख्य भाग हवेत. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेंशन, अ‍ॅक्सल, स्टीअरिंग हे मुख्य भाग. एमएक्स-5 वरून हे सगळेच येत असल्याने अट आपोआप भागते. अर्ज व्ही55/5 या फॉर्मवर करायचा, सोबत बांधलेल्या गाडीचा तपशील देणारा व्ही627/1 फॉर्म आणि डोनरची व्ही5सी ही नोंदणी पुस्तिका जोडायची.

ही पुस्तिका नसेल तर गाडी क्यू नंबरवर जाते, म्हणजे वय किंवा मूळ अनिश्चित असलेल्या गाडीचा नंबर तिला मिळतो. इंजिन एका गाडीचं आणि अ‍ॅक्सल दुसरीचं असेल तरी तेच. क्यू नंबरची गाडी रस्त्यावर चालते, पण ती विकताना आणि तिचा विमा उतरवताना हा नंबर आडवा येतो, आणि तिच्यावर आवडीचा खासगी नंबरही लावता येत नाही. म्हणून पुस्तिका नसलेली एमएक्स-5 निम्म्या भावात मिळाली तरी सोडून द्या. सांगाडा भंगारात देताना गाडीच भंगारात गेल्याची नोंद होणार नाही याचीही काळजी घ्या.

लंडनकरांनी आणखी एक हिशेब करावा. 29 ऑगस्ट 2023 पासून युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणारा विभाग, लंडनच्या सगळ्या बरोंना (प्रशासकीय भागांना) लागू आहे. हॅरो आणि हौन्स्लो त्यात येतात, स्लाउ येत नाही. पेट्रोल गाडीला युरो 4 हा धुराचा दर्जा लागतो, नाहीतर गाडी चालवाल त्या दिवशी 12.50 पौंड. 1998 सालचं इंजिन आणि त्याच वयाचा नंबर असलेली गाडी हॅरोतल्या घरासमोर उभी राहणार असेल, तर दर रविवारच्या फेरफटक्याला हा आकडा जोडा.

गॅरेजमध्ये काय मावतं

जुन्या ब्रिटिश घराचं एका गाडीचं गॅरेज साधारण 2.4 मीटर रुंद आणि 4.9 मीटर लांब असतं. कॅटरहॅम सेव्हन 170 फक्त 1.47 मीटर रुंद आणि 440 किलोची आहे. ती मध्ये ठेवून दोन्ही बाजूंनी माणूस फिरतो, भिंतीला टेबलही बसतं.

एमएक्स-5 जवळपास चार मीटर लांब आहे. ती आणि नवी चासी एका गॅरेजमध्ये एकाच वेळी राहत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवावा: डोनर आधी पूर्ण सोडवायची, भाग शेल्फवर लावायचे, सांगाडा बाहेर घालवायचा आणि मगच चासीची डिलिव्हरी घ्यायची. हा क्रम चुकला की ड्राइव्हवेवर ताडपत्रीखाली गंजता सांगाडा आणि शेजाऱ्यांची कुरकुर, दोन्ही वाट्याला येतात.

प्रत्यक्ष काम

कॅटरहॅमची चासी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवूनच येते. वेल्डिंग नाही, रंगकाम नाही. 170 मध्ये सुझुकीचं 660 सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे, ताकद 84 बीएचपी. मागे दोन्ही चाकांना जोडणारा सरळ लाइव्ह अ‍ॅक्सल. साधारण शंभर तासांचं काम धरा. त्यातला खरा घाम एकाच दिवशी निघतो: इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून, तिरके टांगून, पुढून बोगद्यात सरकवायचे त्या दिवशी. लांब हाताची क्रेन, तिला तोल बदलणारा लेव्हलर आणि दोन माणसं हवीतच. पुढच्या नळ्यांना आधी जाड फोम गुंडाळा, कारण पावडर कोटिंगवर ओरखडा पडतो तो नेमका इथेच.

एक्सोसेटला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो आणि त्यातला निम्मा सोडवण्यात जातो. कल्पना मोठी सुंदर आहे. एमएक्स-5 मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकट असते. त्यामुळे इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंतची सगळी साखळी, दोन्ही सबफ्रेमसकट, अखंड खाली उतरते. सांगाडा उचलून बाजूला करायचा आणि नवी चासी वरून ठेवायची. मूळ सांगाडा टाकायचाच असल्याने त्याच्या गंजाची फिकीर नाही. दरवाजांखालच्या सिल सडल्या म्हणून एमओटी या वार्षिक तपासणीत नापास झालेली, पण यांत्रिक बाजू धडधाकट असलेली गाडी, हीच या कामाला उत्तम.

पण गंज सांगाड्यावरच थांबत नाही. विशबोनचे (चाक धरणाऱ्या सस्पेंशनच्या दांड्यांचे) अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवणारे, लांब बोल्ट बुशच्या (रबरी सांध्याच्या) लोखंडी नळीत असे जाम होतात की नट सुटतो आणि बोल्ट हलत नाही. उष्णता आणि गंजतेल देऊन दोन दिवस वाट पाहा. तरीही हलला नाही तर हातोडा चालवत बसू नका. बुशच्या दोन्ही बाजूंनी रेसिप्रोकेटिंग करवतीने बोल्ट कापा, नवे बोल्ट आणि नवे बुश घाला. हा खर्च पहिल्या दिवसापासून बजेटात धरा. अलाइनमेंट याच बोल्टांनी बदलते, ती बदलता आली नाही तर परीक्षेत स्टीअरिंगवर मार खाल.

दुसरी जागा वायरिंगची. लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, कापू नका, अखंड काढा. प्रत्येक जोडावर कापडी टेप लावून नाव लिहा, सोबत फोटो काढून ठेवा. एअरबॅग, काचांच्या मोटर, मार्क 1 चे (पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 चे) वर येणारे हेडलाइट यांच्या वायरी नंतर सावकाश कमी करता येतात. मूळ इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असलेल्या मार्क 2 वर ईसीयू (इंजिनाचा संगणक), इमोबिलायझर आणि किल्ली असा संच एकत्र ठेवावा लागतो. किल्ली हरवली की चांगलं इंजिनही स्टार्ट होत नाही.

तिसरी जागा ब्रेक पाइपची, आणि इथे जपून राहा. माझदाचे जोड एम10×1.0 आटे आणि दुहेरी फ्लेअरचे (पाइपचं टोक दुहेरी दुमडून पसरवलेले) आहेत. पाइप घरी बनवताना युरोपीय बबल फ्लेअर केला तर आटे नीट बसतात, पाना घट्ट वाटतो, पण पेडल दाबून धरलं की जोडातून हळूहळू तेल झिरपतं. तांबे-निकेलचा 3/16 इंची पाइप घ्या, दुहेरी फ्लेअरचं चांगलं साधन उसनं आणा आणि आधी तुकड्यावर सराव करा.

परीक्षेत कोण कुठे अडकतं

आयव्हीएतली सर्वांत चिवट अट बाहेरच्या कडांची. 100 मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे टेकू शकतो, तिथल्या प्रत्येक कडेची गोलाई निदान 2.5 मिलिमीटर हवी. सेव्हनसारख्या उघड्या चाकांच्या गाडीत सस्पेंशनचे बोल्ट, ब्रॅकेटची टोकं, हेडलाइटचे आधार हे सगळं या गोळ्यासमोर येतं. मऊ रबरी पट्टी आणि नटांवर टोप्या हा उपाय. कॅटरहॅमच्या गाड्या या परीक्षेतून इतक्या गेल्या आहेत की काय कुठे लावायचं ते ठरलेलं आहे. एक्सोसेटमध्ये एमएक्स-5 चे जुने ब्रॅकेट तसेच उघडे पडतात आणि ते तुम्हालाच शोधावे लागतात. 100 मिलिमीटरचा चेंडू घेऊन गाडीभोवती एक अख्खी संध्याकाळ घालवा.

स्टीअरिंग वळणावर सोडलं की आपोआप मध्याकडे यायला हवं. हलक्या गाड्या इथे नापास होतात, कारण चाकांवर वजनच नसतं. उपाय म्हणजे कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागचा कल) वाढवणं आणि टो (चाकांची आत-बाहेर दिशा) तपासणं.

ब्रेकचा प्रश्न खास डोनरवाल्यांचा. सुमारे हजार किलोच्या गाडीसाठी आखलेले ब्रेक आता साडेसहाशे किलोच्या आसपासच्या गाडीवर आहेत. जोरात दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी नापास. समतोल बदलणारा व्हॉल्व्ह चालतो, पण जुळवल्यावर तो कायमचा पक्का करावा लागतो. चालकाला फिरवता येईल असा राहिला तर तेवढ्यावरच परत पाठवतात.

स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तर दहा टक्के अधिक 6.25 मैल एवढीच सूट. म्हणजे खरा वेग 60 असताना काटा 60 ते 72.25 च्या मध्ये हवा. टायर निवडताना हे लक्षात ठेवा. एमएक्स-5 चा मूळ 185/60 आर14 साधारण 578 मिलिमीटर उंच आहे आणि 195/50 आर15 जवळपास तेवढाच, 576. दिसायला छान म्हणून 205/50 आर16 घातला तर उंची 611 होते, काटा मागे पडतो.

धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते. नव्या काळातल्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) गृहीत धरून तपासतात. जुना कन्व्हर्टर थंड असताना पास होत नाही, म्हणून केंद्रावर पोचताना इंजिन चांगलं तापलेलं हवं. बाकी किरकोळ गोष्टी: मागचा फॉग लाइट मध्यभागी किंवा उजवीकडे, आरशांवर ई-चिन्ह, पेट्रोलच्या टोपीला साखळी, चासीवर ठोकलेला नंबर. नापास झालात तर लेखी यादी मिळते. फेरपरीक्षेची फी वेगळी.

तिसरा मार्ग आणि पुण्याचा प्रश्न

लोकॉस्ट म्हणजे 25 मिलिमीटर चौरस, 1.6 मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळ्या आणून चासी स्वतः वेल्ड करणं. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लांबणारं काम. चासी किट-उत्पादकाची नसल्याने जुने भाग वापरले तर बहुधा क्यू नंबरच पदरी पडतो. वेल्डिंग हातात बसलेलं असेल आणि गाडी कधीच विकायची नसेल, तरच.

गाडी पुढे पुण्याला नेता येईल का, हे हमखास विचारलं जातं. तो बेत धरून किट घेऊ नका. भारतात हौशी माणसाच्या एकट्या गाडीसाठी आयव्हीएसारखी सोय नाही. तिथे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 खाली वाहनाच्या नमुन्याला मान्यता लागते, आणि ती देणाऱ्या संस्थांपैकी एक म्हणजे ज्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या नावाने पुण्यातली टेकडी ओळखली जाते तीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिलेल्या निकालाने तर मूळ गाडीत बदल करण्याचीही वाट अरुंद केली आहे.

मग कोणाला काय

गाडी चालवण्यासाठी हवी, हिवाळ्यात सुरू करून उन्हाळ्यात रस्त्यावर आणायची, घर युलेझमध्ये आणि गॅरेज लहान असेल, तर कॅटरहॅम घ्या. 2021 मध्ये 170 चं किट 22,990 पौंडांपासून सुरू झालं होतं, म्हणजे पैसा मोठा लागतो. पण नंबर स्वच्छ मिळतो आणि विकताना किंमत टिकते.

यंत्राचा प्रत्येक सांधा हाताखालून जावा अशी ओढ असेल, दोन हिवाळे देता येत असतील आणि बोल्ट कापताना वैताग येत नसेल, तर एक्सोसेट. खर्च कॅटरहॅमच्या निम्म्याहून बराच खाली ठेवता येतो. शिकायला मिळतं ते कितीतरी जास्त, आणि आमचं माप इकडेच झुकतं.

डोनर पाहायला जाल तेव्हा रंगाकडे बघू नका. व्ही5सी मागा, तिच्यावरचा चासी नंबर गाडीशी ताडून बघा. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला सांगा. गिअर दुसऱ्यात टाकताना खर्र होतो का ते ऐका. मग जमिनीवर आडवे होऊन मागच्या विशबोनचे बोल्ट बघा. तिथे आटे दिसत असतील तर भाव करा, नुसता तपकिरी पापुद्रा दिसला तर नव्या बोल्ट-बुशचे पैसे त्या भावातून वजा करा.